बडोदेकर

लग्न होऊन मी मिरजेहून बडोद्याला आले ते १९९० साली. गृहप्रवेश झाला, ताटात तांदूळ पसरले गेले आणि अंगठीने त्यावर माझं नवं नाव लिहिलं गेलं. सगळ्यांनी हौसेने वाचलं, पेढे वाटले. तांदूळ पुन्हा डब्यात गेले आणि एकवीस वर्षं ज्या हाकेला मी 'ओ' देत होते ते नावही त्यांच्याबरोबर गेलं.

त्याच संध्याकाळी चुलत सासऱ्यांनी विचारलं, "मिरजेची का तू? म्हणजे गाण्याच्या गावची." मी नवी नवरी असूनही बोलून गेले, "हो, पण हिराबाई बडोदेकर तर तुमच्याच ना!" ते हसले. म्हणाले, "नाव आमचं खरं. पण त्या बडोद्यात राहिल्या कधी?"

मला उत्तर देता आलं नाही. मिरजेत आमचं जैनांचं घर. दिवेलागणीपूर्वी जेवणं उरकायची आणि मग वडील रेडिओ लावायचे. दर्ग्याच्या आवारात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे, उरुसात त्यांच्या स्मरणार्थ रात्रभर गाणं होतं, हे आम्हा मुलांना पाढ्यासारखं पाठ. खाँसाहेबांची मुलगी हिराबाई हेही ठाऊक. पण मिरजेत जन्मलेली मुलगी 'बडोदेकर' कशी झाली, हे कधी मनात आलं नव्हतं. ते कळण्यासाठी मला स्वतःला बडोदेकर व्हावं लागलं.

गोष्ट सयाजीराव महाराजांच्या दरबारात सुरू होते. महाराजांचं पहिलं लग्न १८८० साली तंजावरच्या राजकन्येशी झालं. त्याच चिमणाबाई पहिल्या. त्यांच्या माहेरहून जे आंदण आलं त्यात दागिने, कापडचोपड यांच्या जोडीला एक नाचाचा ताफाही होता. भानुमती आणि कांतिमती अशा दोन नर्तकी, त्यांना नाचवणारे नट्टुवनार आणि वाजवणारी मंडळी. वाजवणारे बसत नसत. मृदंग कमरेला बांधून ते नर्तकीच्या मागे उभे राहायचे, ती पुढे सरकली की तेही सरकायचे. बडोद्याला 'भानुमती', 'कांतिमती' ही नावं लांब वाटली असावीत. त्यांची गौरा आणि कांता झाली. नवी नवरी आली, तिच्याबरोबर आलेल्यांचीही नावं बदलली.

दरबारातले गायक, बीनकार, सारंगिये, नर्तकी हे सगळे ज्या खात्यात मोडत त्याला कलावंत कारखाना म्हणत. महाराज शिस्तीचे. कारखान्याला नियम होते, पगार ठरलेला, रजा ठरलेली, चुकलं की दंड. आज आपल्याला 'कलावंताला दंड?' असं वाटतं. पण याची दुसरी बाजूही बघावी. ज्या काळात घरातल्या बाईच्या हातात स्वतःचा पैसा म्हणून काही नसायचा, त्या काळात गौरा आणि कांता दरबारच्या नोकर होत्या. पगाराच्या कागदावर त्यांची नावं होती, भले ती बदललेली का असेनात. कांताचे पुत्र कुबेरनाथ तंजोरकर पुढे भरतनाट्यमचे गुरू झाले आणि इथल्या विद्यापीठात शिकवू लागले. सूरसागर तळ्याजवळच्या त्या संगीत महाविद्यालयावरून मी तीस वर्षं भाजी आणायला जाते आहे. तंजावरहून आंदणात आलेल्या एका बाईची विद्या तिथे शिकवली गेली, ही गोष्ट मला फार उशिरा कळली.

याच दरबारात कैरान्याहून आलेला एक तरुण गवई नोकरीला लागला. तेच अब्दुल करीम खाँ. बडोद्याचे सरदार मारुतीराव माने यांची मुलगी ताराबाई त्यांच्याकडे गाणं शिकू लागली. पुढे एक दिवस दोघांनी बडोदं सोडलं आणि मुंबई गाठली. हे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातलं. सरदार घराण्यातली मुलगी, परक्या धर्माच्या गवयाबरोबर! त्या वेळी दांडिया बाजारातल्या ओट्यांवर काय काय बोललं गेलं असेल, ते मी इथल्या बायकांच्यात इतकी वर्षं बसल्यामुळे अंदाजाने सांगू शकते.

ताराबाई परत आल्या नाहीत. संसार मिरज, पुणे, मुंबई असा फिरता. पाच मुलं झाली. १९२० च्या आसपास ताराबाई मुलांना घेऊन खाँसाहेबांपासून वेगळ्या झाल्या. आणि मग घरात नावं बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू झाले. १९०५ साली मिरजेत जन्मलेल्या चंपाकलीची हिराबाई झाली. गुलाबची कमलाबाई, सकिनाची सरस्वतीबाई. धाकटे कृष्णराव. बापाचं आडनाव जाऊन मुलग्यांना आईचं 'माने' आलं. हिराबाई आणि कमलाबाईंनी आईच्या गावाचं नाव घेतलं. ज्या गावातून आईला निघून जावं लागलं, नेमकं त्याच गावाचं.

मला यात ताराबाईंचा कावा दिसतो आणि मानही दिसतो. कावा असा, की त्या काळच्या मराठी प्रेक्षकासमोर पोरींना उभं करायचं तर नाव मराठी हवं, हे त्या ओळखून होत्या. मान असा, की 'बडोदेकर' म्हटल्यावर दरबार आठवतो, सरदार घराणं आठवतं. ओट्यावरच्या बायकांनी ज्या मुलीचं नाव टाकलं, तिच्या लेकींनी ते सगळं गावच आपल्या नावामागे बांधलं.

मग या कुटुंबाने जे केलं ते आज साधं वाटेल. पुढच्या काही वर्षांत त्यांनी संगीताचं विद्यालय चालवलं आणि त्याला जोडून स्वतःची नाटक मंडळी काढली. 'सौभद्र'सारखी संगीत नाटकं लावली. तेव्हा रंगभूमीवर सुभद्रा, रुक्मिणी पुरुषच होत. बालगंधर्वांच्या शालूची नक्कल घरंदाज बायका करत. अशा वेळी इथे खऱ्या बहिणी खऱ्या बायकांची कामं करू लागल्या, भाऊही त्याच मंडळीत, मागे आई. बाई नाटकात उभी राहिली म्हणजे ती 'तसली', हा जो हिशेब होता त्याला या घराने एक साधा तोडगा काढला. सगळं घरच रंगमंचावर आणलं. मंडळी फार वर्षं चालली नाही. कर्ज झालं आणि हिराबाईंना ते मैफली करून फेडावं लागलं.

मैफलीतही त्यांनी आपली रीत घातली. गाणाऱ्या बाईने हातवारे, अदा करत गायचं, अशी श्रोत्यांची अपेक्षा असे. हिराबाई खाली बसल्या, अंगभर पदर घेतला, दोन तंबोरे मागे आणि डोळे जवळजवळ मिटलेले. तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या काही बायकांमध्ये त्या होत्या. तिकीट काढलं म्हणजे ऐकणारा कोण्या सरदाराचा पाहुणा नसतो आणि गाणारी कोणाच्या मर्जीवर नसते. त्यांची तालीम झाली भाऊ सुरेशबाबू आणि उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे, वडिलांकडे नाही. तरी आवाज लागला की किराणा घराणंच ऐकू यायचं. नाव बदलता येतं, सूर कसा बदलणार? सरस्वतीबाई लग्नाने राणे झाल्या, १९४३ च्या 'रामराज्य' चित्रपटात गायल्या, आणि पुढे दोघी बहिणींनी जोडीने मैफली केल्या. दोन बायकांची शास्त्रीय गाण्याची जाहीर जुगलबंदी तोवर फारशी कुणी ऐकली नव्हती.

हे सगळं मी पुण्याला असलेल्या लेकीला फोनवर सांगत होते, तर तिने मला एक जुनी फीत पाठवली. अमेरिकेतल्या बायकांचा जॅझ बँड, 'इंटरनॅशनल स्वीटहार्ट्स ऑफ ऱ्हिदम'. मिसिसिपीत गरीब काळ्या मुलांसाठी एक शाळा होती, पायनी वुड्स नावाची. तिथल्या मुलींचा हा बँड १९३७ साली शाळेला पैसे मिळावेत म्हणून निघाला. कर्णा, ड्रम, सॅक्सोफोन, सगळं मुलीच वाजवायच्या. त्यांच्यात काळ्या होत्या, मेक्सिकन होती, चिनी वंशाची होती, पुढे गोऱ्याही आल्या. हॉटेलात जागा मिळायची नाही म्हणून झोपायच्या बसमध्येच. १९४१ साली त्यांनी शाळेची साथ सोडून स्वतःचा मार्ग धरला आणि १९४५ साली युरोपात जाऊन सैनिकांसमोर वाजवून आल्या. दक्षिणेच्या राज्यांत काळ्या-गोऱ्यांनी एका मंचावर बसणं गुन्हा होता. म्हणून गोरी सॅक्सोफोनवाली चेहऱ्याला सावळा रंग फासून बसायची, पोलिसांनी विचारलं तर आपण मिश्र वंशाच्या असं सांगायची.

ती फीत मी दोनदा बघितली. इंग्रजी सगळं कळलं नाही, पण तो रंग कळला. सकिनाची सरस्वती करताना ताराबाईंनी तरी दुसरं काय केलं? वाजवायला, गायला मिळावं म्हणून आधी आपण कोण ते झाकायचं. पुरुष गवयांनाही दारिद्र्य सोसावं लागलं, मी नाही म्हणत नाही. पण अब्दुल करीम खाँ शेवटपर्यंत अब्दुल करीम खाँच राहिले.

इथे आणखी एक नाव घेतलं नाही तर पाप लागेल. लक्ष्मीबाई जाधव. कोल्हापूरच्या, हैदर खाँसाहेबांच्या शिष्या, बडोद्याच्या दरबारात गायिका. त्यांच्या तबकड्यांवर 'बडोद्याच्या लक्ष्मीबाई' अशी ओळख असे. पुढे त्या कोल्हापूरला परतल्या आणि धोंडूताई कुलकर्णींना त्यांनी शिकवलं. हिराबाईंना पद्मभूषण मिळालं, त्यांचं नाव निदान मिरजेत आणि पुण्यात घेतात. लक्ष्मीबाई बडोद्यात खरोखर राहिल्या, गायल्या, आणि त्यांचं नाव आमच्या गल्लीत मी विचारलं तर कुणाला माहीत नव्हतं. एका आजोबांनी विचारलं, "झाशीच्या का?"

आता घरचं सांगते. आमच्या मंदिरात बायकांचं भजनी मंडळ आहे, आम्ही नऊजणी. गेल्या पर्वाच्या कार्यक्रमाची पत्रिका छापायची होती. यादी माझ्याकडे आली, सगळ्या 'सौ.' आणि पुढे नवऱ्याचं नाव. मी एक वही घेतली आणि एकेकीला विचारत गेले, तुझं माहेरचं नाव काय, आणि गाणं कुणाकडे शिकलीस?

पहिल्यांदा सगळ्या हसल्या. मग बोलू लागल्या. पेटी वाजवणाऱ्या काकूंनी अकोल्याला सहा वर्षं मास्तरांकडे पेटी शिकली होती. सासरी बावीस वर्षं कुणाला पत्ता नव्हता. सासूबाई गेल्यावर त्यांनी माळ्यावरची पेटी खाली काढली तर भात्याला उंदरांनी भोकं पाडलेली. टाळ धरणारी एकजण दोन परीक्षा पहिल्या वर्गात पास झालेली. तिची प्रमाणपत्रं लग्नात आलेल्या ट्रंकेत अजून आहेत. एकीला माहेरचं नाव सांगताना क्षणभर आठवावं लागलं. ते बघून कुणी हसलं नाही.

माझी पाळी आली तेव्हा मीही सांगितलं. शिकले नाही. वडिलांना गाणं ऐकायला आवडायचं, मुलीने बैठकीत बसलेलं आवडलं नसतं. नाव मात्र सांगितलं. त्या नावाने मला शेवटची हाक आईने मारली होती, त्याला आता आठ वर्षं झाली.

पत्रिका छापून आली. प्रत्येकीची दोन्ही नावं आहेत, मधे एक आडवी रेघ. आमच्या ह्यांनी चष्मा लावून ती वाचली आणि विचारलं, "ही मिरजेची कोण?"

मी म्हटलं, "बडोद्यात राहते हल्ली."