जालना ते करमाड : एका रात्रीचा घटनाक्रम

7 मे 2020, संध्याकाळी 7
जालन्यातल्या स्टील कारखान्याचे वीस मजूर पायी निघाले. सगळे मध्य प्रदेशचे, बहुतेक शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांतले. कोरोनाच्या टाळेबंदीत हातचं काम गेलेलं. जायचं होतं भुसावळला, दीडशेएक किलोमीटरवर. तिथून अडकलेल्या मजुरांना गावी नेणारी श्रमिक विशेष गाडी मिळेल, एवढ्या आशेवर. या गाड्या 1 मेपासून धावत होत्या खऱ्या, पण खिडकीवर तिकीट काढून त्यांत बसता येत नव्हतं. राज्य सरकारने ज्यांची नावं दिली, त्यांनाच जागा. त्याआधी अर्ज, डॉक्टरांचा दाखला, दोन्ही राज्यांची परवानगी. प्रवासाच्या पाससाठी आठवड्यापूर्वीच अर्ज केला होता, उत्तर आलं नाही, असं बचावलेल्यांपैकी एकाने नंतर सांगितलं. भुसावळ गाठूनही गाडीत चढता येईलच असं नाही, हे त्यांना कारखान्याच्या फाटकावर, हिंदीत, कुणीतरी सांगायला हवं होतं. परमुलखात खिशातल्या पैशाइतकाच आधार अशा माहितीचा असतो.

रात्र
आधी रस्ता, मग रूळ. रस्त्यावर पोलीस अडवण्याची धास्ती. रुळाने वाट चुकत नाही. बदनापूर मागे पडलं. गाड्या बंद आहेत, हा समज तेव्हा सर्वदूर होता. बंद होत्या त्या प्रवासी गाड्या. धान्य, कोळसा, इंधन वाहणाऱ्या मालगाड्या टाळेबंदीतही रात्रंदिवस चालू होत्या.

8 मे, पहाटे 4 च्या सुमारास
करमाडजवळ, सटाणा शिवारात पाय थकले. बहुतेक जण रुळांवरच आडवे झाले, तिघे जरा बाजूला. रिकाम्या इंधन-टाक्यांची एक मालगाडी चेर्लापल्लीहून मनमाडजवळच्या पानेवाडीकडे याच मार्गाने येत होती.

पहाटे सव्वापाचनंतर
चालकाला रुळांवर माणसं दिसली. त्याने हॉर्न वाजवला, ब्रेक लावला. पण मालगाडी थांबायला बरंच अंतर लागतं. बाजूला झोपलेल्यांनी हाका मारल्या. चौदा जण जागीच गेले, दोघे नंतर. एक जखमी झाला.

उजाडल्यावर
रुळांवर पोळ्या, चपला, नोटा विखुरलेल्या होत्या. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश, दोन्ही राज्यांनी मृतांच्या वारसांना प्रत्येकी 5 लाख रुपये जाहीर केले. मृतदेह रेल्वेनेच जबलपूरला नेण्यात आले. पुढे मे महिन्यातच महाराष्ट्र सरकारने घरी निघालेल्या मजुरांचं रेल्वेभाडं मुख्यमंत्री सहायता निधीतून भरायचं ठरवलं.