जुन्या ब्राउझरची सक्ती : नांदेड-लातूरच्या ई-कारभारातील एक पर्व

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत सरकारी कामकाज इंटरनेटवर आले ते 'इंटरनेट एक्सप्लोरर' या एकाच ब्राउझरच्या आधाराने. तहसील कार्यालयाभोवतीची सेवा केंद्रे, कर सल्लागारांची कार्यालये आणि कंत्राटदारांच्या घरचे संगणक यांवर हा ब्राउझर आणि त्याला जोडलेली जावा ही प्रणाली पुढे अनेक वर्षे टिकून राहिली. दोन्ही जुनी झाली होती आणि असुरक्षितही, हे सगळ्यांना ठाऊक होते. पण ती काढली की काम अडत असे.

या अवलंबित्वाची सुरुवात लिपीपासून झाली. विंडोज ९८ मध्ये देवनागरीची सोय नव्हती. डीटीपीवाले श्री-लिपी, आकृती किंवा सी-डॅकचे आयएसएम वापरत. या फॉन्टांमध्ये रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असत आणि प्रत्येकाची मांडणी निराळी असे. त्यामुळे उदगीरला टाइप केलेले पत्र देगलूरच्या संगणकावर उघडले की निव्वळ चिन्हांचा कचरा दिसे. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाणक १९९१ मध्ये ठरले होते, युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. पण टेबलावरच्या संगणकापर्यंत दोन्ही पोचायला बराच काळ जायचा होता.

१९९७ मध्ये आलेल्या इंटरनेट एक्सप्लोररच्या चौथ्या आवृत्तीने पानासोबत फॉन्टही पाठवण्याची सोय दिली. मराठी वृत्तपत्रांची सुरुवातीची संकेतस्थळे अशाच 'डायनॅमिक' फॉन्टांवर चालत. नेटस्केपचे तंत्र वेगळे होते आणि तो ब्राउझर मागे पडल्यावर मराठी वाचायचे म्हणजे एक्सप्लोरर, असे समीकरणच झाले. विंडोज २००० पासून मंगल हा युनिकोड फॉन्ट मिळू लागला खरा, पण २००१ च्या विंडोज एक्सपीमध्येही देवनागरीची पूर्ण सोय सुरू करायला मूळ सीडी लागे. आणि ती सीडी बहुधा संगणक जोडून देणाऱ्याकडेच राहिलेली असे. त्याच वर्षी स्थापन झालेल्या एमकेसीएलचा एमएस-सीआयटी हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम तालुक्यातालुक्यांत पोचला. तो विंडोजवर शिकवला जाई, त्यामुळे एका पिढीसाठी पडद्यावरचा एक्सप्लोररचा निळा 'ई' म्हणजेच इंटरनेट होते.

खरी कोंडी मात्र डिजिटल स्वाक्षरीने केली. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला आणि अशा स्वाक्षरीला कायदेशीर मान्यता मिळाली. स्वाक्षरीची गुप्त किल्ली पेनड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या यूएसबी टोकनमध्ये असते. व्यवहारात त्याला 'डोंगल' म्हणतात. ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानाला संगणकाला जोडलेल्या उपकरणापर्यंत सहसा जाता येत नाही आणि ते योग्यच आहे. नाहीतर कोणतेही संकेतस्थळ कोणाच्याही फायली चाळू शकेल. मग टोकनमधील किल्ली वापरायची कशी? त्यासाठी दोन वाटा होत्या : १९९५ पासूनचे जावा अ‍ॅपलेट आणि १९९६ पासूनचे मायक्रोसॉफ्टचे अ‍ॅक्टिव्हएक्स. दोन्हींत पानासोबत एक छोटा प्रोग्राम येतो आणि वापरकर्त्याने परवानगी दिली की तो ब्राउझरचे कुंपण ओलांडून संगणकात शिरतो. स्वाक्षरी याच सवलतीमुळे शक्य झाली आणि घुसखोरीही. जावाच्या एखाद्या त्रुटीचा फायदा घेऊन दुसरे कोणतेही संकेतस्थळ त्याच फटीतून आत येऊ शके.

सरकारी पोर्टलांनी हीच वाट धरली. कंपन्यांच्या नोंदणीचे एमसीए-२१ हे पोर्टल २००६ मध्ये सुरू झाले. आयकर, भविष्यनिर्वाह निधी आणि राज्याच्या ई-निविदा पाठोपाठ आल्या. निविदांसाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची प्रणाली आली, तेव्हा रस्ते, पाण्याच्या टाक्या, शाळाखोल्या बांधणाऱ्या लहान कंत्राटदारालाही टोकन, पिन आणि जावा यांच्याशी झुंजावे लागले. निविदेची मुदत संपायला तास उरलेला असावा आणि पडद्यावर 'अ‍ॅप्लिकेशन ब्लॉक्ड'चा संदेश यावा, ही त्या काळातली नेहमीची रड होती. त्यात मराठवाड्याचे भारनियमन.

जानेवारी २०१३ मध्ये जावाची एक गंभीर त्रुटी उघड झाली आणि अमेरिकेच्या गृहसुरक्षा विभागाने ब्राउझरमधील जावा बंद ठेवण्याचा सल्ला दिला. जावाची मालक असलेल्या ओरॅकलने नियम कडक केले. जानेवारी २०१४ च्या सुधारणेनंतर योग्य प्रमाणपत्र नसलेली अ‍ॅपलेट आपोआप अडवली जाऊ लागली. मात्र ठरावीक संकेतस्थळांना सूट देणारी यादी ठेवली. पोर्टलांची अ‍ॅपलेट तेवढ्या वेगाने सुधारली नाहीत. मग संगणक दुरुस्त करणाऱ्याचा ठरलेला उपाय असे : पोर्टलचा पत्ता सूट-यादीत टाकायचा, सुरक्षेची पातळी खाली आणायची, अपडेट बंद करायचे. एका पोर्टलला जावाची एक आवृत्ती चाले, दुसऱ्याला दुसरी, म्हणून टोकनच्या कामासाठी एक जुना संगणक बाजूला ठेवण्याची पद्धत पडली. विंडोज एक्सपीला मिळणाऱ्या सुधारणा ८ एप्रिल २०१४ रोजी थांबल्या, तरी असे संगणक चालूच राहिले. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा मायक्रोसॉफ्टला एक्सपीसाठी अपवाद म्हणून दुरुस्ती काढावी लागली.

या साऱ्याचे खापर बहुधा वापरकर्त्याच्या निष्काळजीपणावर फोडले जाई. ते अन्यायाचे होते. कायद्याने मान्य केलेली सर्वांत भक्कम स्वाक्षरी करण्यासाठी सरकारी पोर्टलच संगणक कमकुवत करायला लावत होते, आणि सेवा केंद्रचालकाला त्यावर बोलायला जागा नव्हती.

बदल झाला तो ब्राउझर बनवणाऱ्यांच्या मुदतींमुळे. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये जावा ज्यावर चाले त्या जुन्या पद्धतीच्या प्लगइनचा आधार काढला. मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्सच्या ५२ व्या आवृत्तीने फ्लॅश वगळता बाकी प्लगइन बंद केले. तिच्या दीर्घकालीन आवृत्तीत प्लगइन २०१८ पर्यंत चालत, म्हणून ती आवृत्तीच जपून ठेवली जाई. सप्टेंबर २०१८ मधील अकराव्या जावातून ब्राउझरचा जोड कायमचा गेला. पोर्टलांना दुसरा मार्ग शोधावाच लागला : टोकनशी बोलणारा स्वतंत्र प्रोग्राम संगणकावर बसवायचा आणि ब्राउझरने त्याच्याशी संपर्क साधायचा. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या जीएसटीच्या पोर्टलने 'एमसायनर' हा असाच प्रोग्राम स्वीकारला. अ‍ॅपलेट गेले, पण प्रोग्राम चालू नसल्याचा संदेश नव्याने डोकेदुखी होऊन बसला.

सामान्य नागरिकाला ही स्वाक्षरी भेटली ती दाखल्यांवर. 'आपले सरकार' पोर्टल २०१५ मध्ये आले. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळू लागला. दाखल्याची पीडीएफ उघडली की स्वाक्षरीवर पिवळे प्रश्नचिन्ह दिसते, कारण संगणकाने भारताचे मूळ प्रमाणपत्र विश्वासार्ह म्हणून नोंदवलेले नसते. ते नोंदवले की हिरवी टिक येते. दाखला दोन्ही वेळी तितकाच खरा असतो; तरी प्रवेशाच्या हंगामात, विशेषतः लातूरसारख्या विद्यार्थ्यांच्या शहरात, हिरवी टिक असलेल्या प्रिंटसाठी धावपळ होई.

पानांवर चलचित्रे दाखवणाऱ्या फ्लॅश या प्लगइनचा शेवट जावाच्या मानाने सुटसुटीत झाला. अ‍ॅडोबने जुलै २०१७ मध्येच तशी घोषणा केली होती. ३१ डिसेंबर २०२० रोजी आधार संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअरने मजकूर दाखवणेच बंद केले. फ्लॅशमध्ये बनवलेले शैक्षणिक धडे त्यासोबत निकामी झाले.

विंडोज १० वरील इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला. जुन्या पोर्टलांसाठी एज ब्राउझरमध्ये त्याचा एक अवतार ठेवला असून तो किमान २०२९ पर्यंत राहील, असे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले आहे. आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी घेऊन करता येणाऱ्या ई-स्वाक्षरीला २०१५ पासून मान्यता आहे आणि तिला टोकन लागत नाही. तरी टोकन हटलेले नाही. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या ई-ग्रामस्वराज पोर्टलवरून ग्रामपंचायतीचे पैसे अदा करताना सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी या दोघांच्याही डिजिटल स्वाक्षऱ्या लागतात.