कुलाब्याची वर्दी आणि हेदवीचा किनारा

हेदवीच्या उमामहेश्वराच्या देवळापाशी कातळ चिरीत गेलेल्या बामणघळीत भरतीचे पाणी शिरून उंच उसळते, ते पाहावयास यात्रेकरू येतात. परंतु ज्यांचा चरितार्थ दर्यावर आहे त्यांस त्या उसळीत आणखीही काही वाचता येते, कारण अरबी समुद्रात दूर उठलेल्या वादळाच्या लांब लाटा त्या वादळाच्या कितीतरी पुढे धावतात आणि आकाश निरभ्र असतानाच किनाऱ्यास येऊन भिडतात. मात्र ते वादळ किती कोसांवर आहे आणि कोणती दिशा धरून सरकत आहे, हे एकाच बंदरावर उभे राहून कळणे नाही. त्याकरिता अनेक ठिकाणांची निरीक्षणे एका कचेरीत एकत्र व्हावी लागतात.

ती कचेरी मुंबईस कुलाब्यास उभी राहिली. 1826 साली कंपनी सरकारने तेथे वेधशाळा स्थापिली आणि 1841 पासून हवामानाच्या नियमित नोंदी होऊ लागल्या. 1875 साली अखिल हिंदुस्थानाचे हवामानखाते निर्माण झाले आणि 1896 साली नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस हे कुलाब्याचे पहिले हिंदी संचालक झाले. हर्णै व रत्नागिरी येथील निरीक्षणे अशा मोठ्या कचेरीच्या पदरी पडू लागली, आणि हेदवी या दोहोंच्या मधोमध आहे.

परंतु निदान करणे हे या कार्यालयाचे अर्धेच कर्तव्य. वर्दी पोहोचविणे हे उरलेले अर्धे, आणि माझ्या मते तेच अधिक कठीण. 1898 पासून सर्व हिंदी बंदरांसाठी इशाऱ्यांची एकच पद्धत लागू झाली, तीत दिवसा स्तंभावर शंकू व नळकांडी चढवीत आणि रात्री तांबडे-पांढरे कंदील लावीत. अकरा संकेतांपैकी अखेरचा मला विशेष थोर वाटतो: इशारा देणाऱ्या कचेरीशी दळणवळण तुटले आहे आणि हवा बिघडण्याची भीती आहे, एवढेच तो सांगे. ज्या खात्याने आपल्या मौनाचाही अर्थ दर्यावर्द्यांस आधीच समजावून ठेविला, त्याची कर्तव्यबुद्धी साधी म्हणता येणार नाही.

तथापि स्तंभ उभारायचा तो बंदरावर. लहानशा खाडीच्या मुखाशी विसावणाऱ्या होडीच्या तांडेलास तो कोठून दिसणार? शेजारच्या बोऱ्या बंदरी किनारी आगबोटी थांबत, त्यांच्याबरोबर मुंबईची खबर येई. पण पावसाळ्यात ती वाहतूकच बंद राही. जवळच्या फेऱ्या मात्र चालत, पण त्यांच्याशीही संपर्काची सोय नसे: 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडून सहाशेहून अधिक जीव गेले, तेव्हा बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते आणि मुंबई जवळ असूनही तिला ती वार्ता कित्येक तास कळली नाही.

पुढे आकाशवाणीने मच्छीमारांसाठी इशारे घरोघर नेले. 3 जून 2020 रोजी श्रीवर्धनच्या परिसरात ‘निसर्ग’ चक्रीवादळ धडकले, तेव्हा हवामानखात्याने आधीच इशारा दिल्यामुळे किनाऱ्यावरील पुष्कळ माणसे सुरक्षित स्थळी हलविता आली. त्याच्याआधी, 11 नोव्हेंबर 2009 रोजी ‘फयान’ चक्रीवादळ आले, आणि रत्नागिरीच्या कित्येक होड्या त्या वेळी खोल दर्यात होत्या; त्यांतील काही खलाशी परतलेच नाहीत. घरी बसलेल्या माणसास मोबाईलवर संदेश मिळतो, पण त्याचा टप्पा किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर संपतो. म्हणून उपग्रहाद्वारे होडीपर्यंत वर्दी नेणारी यंत्रे प्रत्येक तांडेलाच्या हाती, अगदी हेदवीसारख्या छोट्या गावातील तांडेलाच्याही हाती, सरकारी खर्चाने दिली जावीत, असे माझे आग्रहाचे मागणे आहे.