शंभर रुपयांचे तिकीट

तिकीट दुर्मिळ होणे हे मराठी नाटकाच्या लोकप्रियतेचे जुने माप आहे. त्याचा ठळक दाखला म्हणजे ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात झालेला ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग. टिळक स्वराज्य फंडासाठी गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या प्रतिस्पर्धी मंडळी एकत्र आल्या. बालगंधर्व भामिनी झाले, केशवराव भोसले धैर्यधर. सर्वांत वरचे तिकीट शंभर रुपये होते, तरी नाट्यगृह भरले. म्हणजे अडचण केवळ जागांची नव्हती, दराचीही होती. एरवी पिटात बसून याच नटांना डोक्यावर घेणाऱ्या सामान्य रसिकाला असा दर कसा परवडावा? पुढे ४ ऑक्टोबर १९२१ रोजी केशवराव एकतिसाव्या वर्षीच निवर्तले. ती जोडी मग कोणत्याही मोलाने दिसणार नव्हती.

महाराष्ट्राबाहेर, भोपाळसारख्या शहरी एखाद्या प्रयोगाची वाट पाहणाऱ्या आपणांस हे हुकणे निराळे समजावून सांगावे लागत नाही. निधीसाठी प्रयोग जरूर लावावेत. मात्र मागच्या काही रांगा माफक दरात राखून ठेवाव्यात. नाटक अखेर त्या रांगांच्याच बळावर जगत आले आहे.