संरक्षण मंत्रालय चालतं कसं? मंत्री, सचिव आणि सीडीएस यांच्यात कोणाकडे काय

माझे एक काका सातारा जिल्ह्यातले, लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. मागे एकदा त्यांचा हयातीचा दाखला भरायचा राहून गेला आणि पेन्शन अडकली. मी लॅपटॉपवर स्पर्श पोर्टल उघडून बसलो तेव्हा त्यांनी विचारलं, "हे सगळं राजनाथ सिंहांकडे जातं का रे?" उत्तर द्यायला गेलो आणि लक्षात आलं की आपल्यालाही नीट माहीत नाही. मग थोडं वाचून काढलं, ते इथे सोप्या भाषेत देतोय.

आधी सगळ्यात वरची पायरी. राज्यघटनेच्या कलम ५३ नुसार तिन्ही सैन्यदलांचं सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे असतं. प्रत्यक्षात निर्णय मंत्रिमंडळ घेतं, आणि मोठे निर्णय पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालच्या सुरक्षाविषयक समितीत होतात. या समितीत संरक्षणमंत्र्यांबरोबर गृह, अर्थ आणि परराष्ट्र मंत्री असतात. अण्वस्त्रांचा निर्णय तर संरक्षणमंत्र्यांच्या हातात नसतोच. त्यासाठी वेगळं प्राधिकरण आहे, आणि त्याच्या राजकीय परिषदेचे अध्यक्ष पंतप्रधान असतात.

आता मंत्रालय. हे एकच ऑफिस आहे असं आपण धरून चालतो, पण त्यात पाच विभाग आहेत आणि प्रत्येकाचा सचिव वेगळा. संरक्षण विभाग, लष्करी व्यवहार विभाग, संरक्षण उत्पादन, संशोधन व विकास आणि माजी सैनिक कल्याण. माझगाव डॉकमध्ये पाणबुडी बांधली जाते तो विषय उत्पादन विभागाचा. पुण्यात पाषाणच्या प्रयोगशाळेत पिनाका रॉकेट विकसित झालं ते संशोधन विभागाचं. डीआरडीओचे अध्यक्षच या विभागाचे सचिव असतात. खडकी आणि पुणे कॅन्टोन्मेंट, तटरक्षक दल, सीमेवरचे रस्ते बांधणारी बीआरओ हे संरक्षण विभागाकडे. सीमेवर उभी असलेली बीएसएफ मात्र या मंत्रालयाची नाही, ती गृह मंत्रालयाची. इथे भलेभले चुकतात.

सगळ्यात जास्त गोंधळ आहे संरक्षण सचिव आणि सीडीएस यांच्यात. २०१९ पर्यंत तिन्ही दलांची मुख्यालयं ही कागदोपत्री संरक्षण विभागाला जोडलेली कार्यालयं होती. म्हणजे लष्करप्रमुखांच्या फाइली मुलकी अधिकाऱ्यांच्या टेबलांवरून फिरत मंत्र्यांकडे जायच्या. कारगिलनंतर २००१ मध्ये मंत्रिगटाने शिफारस केली की तिन्ही दलांसाठी एक प्रमुख हवा. ती अमलात यायला अठरा वर्षं लागली. डिसेंबर २०१९ मध्ये लष्करी व्यवहार विभाग तयार झाला आणि जनरल बिपिन रावत पहिले सीडीएस झाले. हेच सीडीएस त्या विभागाचे सचिवही असतात. गणवेशातला माणूस सरकारच्या एखाद्या विभागाचा सचिव, हे आपल्याकडे नवीनच होतं.

पण सीडीएस म्हणजे तिन्ही प्रमुखांचा बॉस नव्हे. त्यांना प्रमुखांवर हुकूम चालवता येत नाही. ते संरक्षणमंत्र्यांचे तिन्ही दलांच्या विषयांतले मुख्य लष्करी सल्लागार आहेत. आमच्या भाषेत सांगायचं तर रिव्ह्यू करण्याचा अधिकार आहे, प्रॉडक्शनवर कमांड चालवण्याचा नाही. संरक्षण धोरण आणि मोठी भांडवली खरेदी अजूनही संरक्षण सचिवांच्या बाजूला आहे, आणि सगळ्या विभागांचा मेळ घालणं हेही त्यांचंच काम. डिसेंबर २०२१ मध्ये जनरल रावत हेलिकॉप्टर अपघातात गेले, त्यानंतर सप्टेंबर २०२२ पर्यंत हे पद रिकामं होतं. इतकं महत्त्वाचं पद नऊ-दहा महिने रिकामं ठेवणं मला तरी पटलं नाही.

मग मंत्री नक्की काय करतो? याचं चांगलं उदाहरण आपल्या घरचंच आहे. १९६२ च्या चीन युद्धात व्ही. के. कृष्ण मेनन यांना पायउतार व्हावं लागलं आणि नोव्हेंबरमध्ये मुंबईहून यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले. 'सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला' हे वाक्य तेव्हाचंच. १ सप्टेंबर १९६५ ला पाकिस्तानने छांब भागात रणगाडे घुसवले. लष्करप्रमुख जनरल चौधरी आणि हवाई दलप्रमुख अर्जन सिंग मंत्र्यांकडे आले आणि विमानं वापरायची परवानगी मागितली. यशवंतरावांनी ती तिथल्या तिथे दिली. त्याच संध्याकाळी पठाणकोटहून व्हॅम्पायर विमानं उडाली. ती तोपर्यंत जुनी झालेली होती, आणि त्यातली चार आपण गमावली. कोणती विमानं, कोणता मार्ग, हे मंत्र्याने सांगायचं नसतं. पण हवाई दल युद्धात उतरवायचं की नाही, ही जबाबदारी निवडून आलेल्या माणसाची. ती घ्यायला त्यांनी वेळ घालवला नाही.

शांततेच्या काळात मंत्र्याचा खरा वेळ जातो खरेदीत. मंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली संरक्षण खरेदी परिषद असते. 'अमुक हजार कोटींच्या खरेदीला मंजुरी' अशी बातमी येते तेव्हा बहुतेक वेळा या परिषदेने फक्त 'गरज मान्य' केलेली असते. ऑर्डर नाही. त्यापुढे निविदा, चाचण्या, किमतीची घासाघीस, आणि रक्कम मोठी असेल तर सुरक्षाविषयक समितीची मंजुरी. १२६ लढाऊ विमानांची निविदा २००७ मध्ये निघाली, २०१५ मध्ये गुंडाळली गेली आणि २०१६ मध्ये ३६ राफेलचा करार झाला. तेव्हा संरक्षणमंत्री होते मनोहर पर्रीकर, आयआयटी मुंबईचे इंजिनिअर. त्यामुळे बातमी वाचली की लगेच शेअर घ्यायला धावू नका, आधी ती कोणत्या टप्प्याची आहे ते बघा. स्टार्टअपवाल्यांसाठी २०१८ पासून आयडेक्स नावाचा जरा जवळचा रस्ता आहे. त्यात दीड कोटीपर्यंत आणि प्राइम योजनेत दहा कोटींपर्यंत अनुदान मिळू शकतं.

पैशाचं एका ओळीत: २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात मंत्रालयाला सुमारे ६.८१ लाख कोटी रुपये होते. त्यातले १.८० लाख कोटी भांडवली खर्चाला आणि जवळपास १.६१ लाख कोटी पेन्शनला.

आणि काकांच्या प्रश्नाचं उत्तर: नाही, राजनाथ सिंहांकडे जात नाही. पेन्शनचं धोरण माजी सैनिक कल्याण विभागाचं, पण पैसे पाठवतं संरक्षण लेखा खातं, तेही प्रयागराजच्या कार्यालयातून. स्पर्शवर आलेल्या पेन्शनरसाठी बँक ही फक्त खातं असलेली जागा. म्हणून जीवन प्रमाण ॲपमध्ये पेन्शन देणारी संस्था निवडताना बँकेचं नाव टाकायचं नाही, स्पर्श निवडायचं. आमचा आधीचा प्रयत्न इथेच फसला होता. दुसऱ्या वेळी मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरून दाखला पाच मिनिटांत गेला. फक्त काकांना दोनदा चष्मा काढायला सांगावं लागलं. मोबाईल जमत नसेल तर गावातल्या सीएससी केंद्रातही हे काम होतं, जाताना आधार आणि पेन्शनचा पीपीओ क्रमांक बरोबर ठेवा.