पटावरचे युद्ध आणि दोन धर्मशास्त्रकार

पांढुर्ण्याचे नाव दूरवर गेले आहे ते गोटमारीमुळे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठास पांढुर्ण्याचे व दुसऱ्या काठास सावरगावचे लोक उभे राहतात, मध्ये पात्रात रोवलेले पळसाचे झाड व त्यावर झेंडा असतो, आणि त्या झेंड्यासाठी दगडांचे युद्ध होते. शेकडो माणसे जखमी होतात. काही प्राणासही मुकली आहेत. त्याच दिवशी आमच्याकडे तान्हा पोळाही असतो. मुले लाकडी बैल सजवून दारोदार नेतात. थोरांच्या हाती दगड आणि पोरांच्या हाती लाकूड, हा विरोध आम्हांस दर वर्षी जाणवतो.

युद्धही लाकडाचेच करावे, ही बुद्धी भारतवर्षात फार पूर्वी सुचली. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशा चार अंगांच्या सेनेवरून त्या खेळास चतुरंग हे नाव मिळाले. सातव्या शतकात बाणभट्टाने हर्षचरितात त्यावर श्लेष साधला आहे. तेच आपले बुद्धिबळ.

वकिलीच्या व्यापात हा पट आमच्यापासून वीस वर्षे दूर राहिला. अलीकडे आम्ही पुन्हा स्पर्धांतून बसू लागलो. समोर बहुधा शाळकरी मुले असतात. दिव्या देशमुख या नागपूरच्या मुलीने 2025 च्या जुलैमध्ये बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हापासून तर आमच्या भागातील आईबापही पटाकडे आदराने पाहतात. शेजारच्या घड्याळात प्रत्येक खेळीमागे काही सेकंद वाढत असतात. विचार करण्यासही आता हिशेब आला आहे.

सौसरचे एक वृद्ध पक्षकार मात्र ही सारी बुद्धिबळे परकी मानतात. त्यांच्या खेळात प्यादे आरंभीही एकच घर चालते. शेवटच्या घरी पोचले म्हणजे ज्या मोहऱ्याचे ते घर, तेच मोहरे होते. राजाचा किल्ला करणे नाही. त्याऐवजी राजास एकदा घोड्याची अडीच घरे चालता येतात. प्याद्याने केलेली मात सर्वांत मानाची. “आपला सनातन खेळ हा, तुमचा तो इंग्रजांचा,” असे त्यांचे म्हणणे.

हा दावा साक्षीपुराव्याने तपासणे आम्हांस भाग पडले. आणि साक्षीदार निघाले तेही आमच्याच धंद्यातले! बंगालमध्ये दायभागाच्या वादांत ज्यांचा शब्द प्रमाण मानीत, त्या सोळाव्या शतकातील रघुनंदनांनी तिथितत्त्वात कोजागरीच्या रात्रीचा चतुरंग सांगितला आहे. त्यात खेळणारे चौघे, सेना चार, आणि कोणते मोहरे हलवावयाचे ते फासा ठरवितो. प्रत्येकाजवळ राजा, हत्ती, घोडा, नौका व चार प्यादी. बंगाली माणूस आपल्या हत्तीला अद्यापि नौकाच म्हणतो. हा खेळ व्यासांनी युधिष्ठिरास शिकविला, असे तेथे म्हटले आहे. फाशांपायी राज्य घालविलेल्या माणसास पुन्हा फासेच द्यावे, यातील विनोद रघुनंदनांस जाणवला असेल काय?

दुसरे साक्षीदार नीलकंठ भट्ट. घराणे मूळचे पैठणचे, वास्तव्य काशीस, काळ सतराव्या शतकाचा पूर्वार्ध. त्यांचा व्यवहारमयूख मुंबई इलाख्यातील न्यायालयांत वर्षानुवर्षे उद्धृत होत असे. त्याच भगवंतभास्कर ग्रंथाच्या नीतिमयूखात त्यांनी बुद्धिबळ वर्णिले आहे. येथे चार सेना नाहीत, दोनच आहेत. आणि चाल ठरवावयास फासा नाही. म्हणजे ज्यास आपण सनातन म्हणतो, त्याचे नियम दोन धर्मशास्त्रकारांच्याच ग्रंथांत वेगळे आहेत.

पुढे 1814 मध्ये त्रिवेंगडाचार्य शास्त्र्यांचा डावांचा संग्रह मुंबईत संस्कृतातून इंग्रजीत छापून निघाला, तोही युरोपीय पद्धतीस जुळवून. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ 1951 मध्ये स्थापन झाला. 1955 च्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत रामचंद्र सप्रे व डी. वेंकय्या यांनी अग्रस्थान वाटून घेतले. आंतरराष्ट्रीय स्पर्धांचे दार उघडावयाचे तर नियम जगाचेच पाहिजेत. या सौद्यात आपण फार गमावले असे आम्हांस वाटत नाही.

गमावले ते निराळेच. ग्रंथांतील नियम टिकले. ओट्यावरचे कोणी लिहिले नाहीत. 1 नोव्हेंबर 1956 रोजी नागपूर मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला, आणि त्यातून 5 ऑक्टोबर 2023 रोजी पांढुर्णा व सौसर मिळून वेगळा जिल्हा झाला. येथल्या मुलांचा घोडा आता ‘ढाई घर’ चालतो. त्या वृद्ध गृहस्थांसारखे ‘अडीच घरे’ म्हणून जुना डाव मांडणारे थोडेच उरले आहेत.

म्हणून महिन्यातून एकदा आम्ही सौसरला जातो, त्यांच्या नियमांनी एक डाव खेळतो व ते सांगतील ते वहीत टिपून घेतो. एकच कलम अद्यापि कोरे आहे. एकदा शह बसल्यावर राजाची ती घोडेचाल उरते की बुडते, याविषयी त्यांचे आणि पांढुर्ण्यात राहणाऱ्या त्यांच्या मेहुण्यांचे एकमत होत नाही.