पाण्याचा थेंब, आजीचं गाळणं आणि सूक्ष्मदर्शक



लेकीची प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आली, म्हणून सूक्ष्मदर्शकाचे भाग तिच्याबरोबर मीही पाठ केले. वर डोळा लावायची नेत्रिका, खाली वस्तुभिंग, काचपट्टी ठेवायचा मंच, उजेड वर पाठवणारा आरसा आणि दोन स्क्रू. दोन ठिकाणी भिंगं, म्हणून तो ‘संयुक्त’. नेत्रिका १० पट आणि वस्तुभिंग ४० पट, तर वस्तू ४०० पट मोठी दिसते. सुरुवात नेहमी कमी पटीच्या भिंगाने करायची. मोठ्या पटीवर फक्त बारीक स्क्रू फिरवायचा, नाहीतर भिंग काचेवर आपटतं.

हे यंत्र एका दिवसात असं झालं नाही. १६६५ साली लंडनला रॉबर्ट हूकने ‘मायक्रोग्राफिया’ हे पुस्तक काढलं. उजेड पुरावा म्हणून तो दिव्यासमोर पाण्याने भरलेला काचेचा गोल ठेवी. पिसू आणि ऊ यांची त्याने मोठाली चित्रं काढली. बुचाच्या कापात त्याला रिकामे कप्पे दिसले, त्यांना तो ‘सेल’ म्हणाला.

पण पाण्यातले अतिसूक्ष्म जीव पहिल्यांदा पाहिले ते हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या एका कापड व्यापाऱ्याने, अँटनी व्हॅन लेव्हेनहूकने. त्याचं यंत्र एकाच इवल्या भिंगाचं होतं. तेव्हाच्या संयुक्त यंत्रात कडांना रंग येत, चित्र पुसट होई. १६७६ साली त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला हे जीव कळवले. तिथे शंका निघाल्या. १६७७ मध्ये हूकने स्वतः ते सभासदांना दाखवले, तेव्हा विश्वास बसला. रंगांचा दोष आटोक्यात आणण्याची नीट रीत जोसेफ जॅक्सन लिस्टर यांनी १८३० साली मांडली.

आता आपल्या घरातलं. माझी आजी दुहेरी फडक्यातून पाणी गाळी आणि जिवाणी परत विहिरीत सोडी. ‘विज्ञानाने आपला धर्म सिद्ध केला’ असे निरोप आपल्याला रोज येतात. लेकीने मात्र विचारलं, “आई, फडकं जीवाणू अडवतं का?”

खरं उत्तर, सगळे नाही. सुटे जीवाणू कापडातून सहज पार जातात. अडकतात ते त्याहून मोठे जीव. पण बांगलादेशात जुन्या साडीच्या चार-आठ पदरांतून पाणी गाळलं, तर पटकीचे रुग्ण जवळपास निम्म्याने घटले, असं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. पटकीचे जंतू ज्या बारीक जलजीवांना चिकटलेले असतात, ते कापडात अडकतात.

आणखी एक. शास्त्रातले जलकायिक म्हणजे पाणीच ज्यांचं शरीर असे जीव. यंत्रात दिसतात ते पाण्यात राहणारे. दोन्हींची गल्लत करून धर्माचा मोठेपणा सांगू नये. आजी गाळत होती ती दयेपोटी, पुराव्याची वाट न बघता.

लेकीने कुंडीतल्या पाण्याचा थेंब पाहिला. एक इवलासा जीव गरगर फिरत होता. दिव्याच्या उष्णतेने थेंब कडेने सुकू लागला, तशी तीच म्हणाली, “आई, आता पुरे.” मी काही सांगितलं नव्हतं. तिने काचपट्टी उचलली, त्याच कुंडीत धुतली आणि मगच वहीत आकृती काढायला बसली.